प्राचीला चिकन आवडतं

निरगुडसर,
८ फेब्रुवारी २००१

प्रिय प्राची,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोन केला असता, पण आपला फोन बाहेरच्या खोलीत आणि तिथं तुझ्या भावाचे, स्वराजचे कान. शिवाय तुझ्या या आईला फोनवर मुद्द्याचं बोलता येत नाही. 'जेवलीस का' आणि 'पोरं कशी आहेत' यातच सगळी मिनिटं संपतात. सोमाजीकाकांचा निरोप तुला पोचला असेल. पुढच्या रविवारी माहेरी जेवायला यायचं आणि सोमवारी घोडेगावला कचेरीत जाऊन हक्कसोडीच्या कागदावर सही करायची, म्हणजे दादांची, तुझ्या वडिलांची जमीन एकट्या स्वराजच्या नावावर होईल. त्यांना काय ते कळवण्याआधी हे पत्र पुरतं वाच. लांबेल, पण वाच.

तुझी वहिनी हर्षाली डिसेंबरात दाढ काढायला तुझ्याकडे भोसरीला राहिली होती ना, ती परत आली तीच मुळी गाल धरून. आणि गाल धरूनच मला म्हणाली, "आई, ताई तर चिकन खातात. दाजींनी आणलं व्हतं. दोन तंगड्या खाल्ल्या त्यांनी, वर हाडंपण चोखली." मी गहू निवडत होते. म्हटलं, तुला भूल पडली असेल, दाढेचं इंजेक्शन चढलं असेल. वीस वर्षं मी साऱ्या गावाला सांगत आलेय की आमच्या प्राचीला कोंबडी आवडत नाही. तुला बघायला आले तेव्हा तुझ्या सासूबाईंनाही कौतुकानं सांगितलं होतं, लई साधी पोर आहे, तिला काही लागत नाही. मला राग आला बाई. आधी तुझाच आला, आईपासून लपवलंस म्हणून. मग दोन-तीन दिवसांनी तो जिथं यायला हवा होता तिथं आला.

कळंबचे पाव्हणे आले होते, तो दिवस तुलाही आठवत असणार. तू नऊ वर्षांची, स्वराज सहाचा. परसातल्या चुलीवर कोंबडी शिजली, पुरुषांची पंगत उठली, आणि टोपात एक तंगडी उरली होती. तू ताट पुढं करून म्हणालीस, "आये, आज मला." मी ती उचलून स्वराजच्या ताटात टाकली. तो पुरुषांबरोबर एकदा जेवलेला होता, पोट टम्म फुगलेलं, तरी टाकली. वर तुलाच म्हणाले, त्याला उद्या नांगर धरायचाय, तुला काय करायचंय खाऊन? त्यानं ती अर्धी खाऊन कुत्र्याला टाकली. तू रश्श्यात भाकरी कुस्करलीस, आणि पुढच्या खेपेला म्हणालीस, मला कोंबडी आवडत नाही. मला तर बरंच वाटलं. माझं वाढणं सोपं झालं. हे तुझ्या आजीनं केलं नाही, दादांनीही केलं नाही. पळी माझ्या हातात होती.

तर काल बुधवारी मी ठरवलं की हाड, तंगडी, मान ही भानगडच नको. हर्षालीनं टीव्हीवर कुठलीशी हिंदी बाई कटलेट करताना पाहिली होती आणि सगळं वहीत उतरवून घेतलं होतं. मंचरला अकबरभाईंच्या दुकानातून दोन कोंबड्यांची नुसती छाती आणली, हाडं काढून. ते म्हणाले, "काकू, मग रस्सा कशाचा करणार?" म्हटलं, रस्सा नाहीच करणार. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की घरात कोणी आजारी आहे का, हे विचारू की नको. घरी येऊन एकेक तुकडा मधून आडवा चिरला, पाट्यावर ठेवला आणि वरवंट्यानं हलक्या हातानं ठोकून तळहाताएवढा पसरट केला. पहिला तुकडा जरा जोरात ठोकला गेला आणि हर्षालीच्या कपाळावर उडाला. किती दिवसांनी हसलो गं दोघी. मग आलं-लसूण, लिंबू, तिखट, मीठ आणि आपला घरचा मसाला चोळून तासभर झाकून ठेवले. देव्हाऱ्याशेजारी कोंबडी शिजवू नये हे मला अजूनही पटतं, म्हणून रॉकेलचा स्टोव्ह पडवीत घेतला. अंड्यात बुडवायचं, टोस्टच्या चुऱ्यात घोळवायचं, तव्यावर बेताचं तेल आणि एकेका बाजूनं तीन-चार मिनिटं. घाई करून उलटलं तर चुरा तव्याला चिकटतो. पहिलं तसंच चिकटलं, ते मी माझ्या ताटाला लावलं. निम्म्या दिवसाच्या चुलीऐवजी अर्ध्या तासात सगळं तळून झालं. आठ कटलेट झाली, आठही एका मापाची.

आणि मग चार ताटं एकदम मांडली. स्वराज, सोमाजीभाऊजी, हर्षाली आणि मी. प्रत्येकाला दोन. भाऊजी पाटावर बसले नि आमची ताटं बघून म्हणाले, "आधी आमचं व्हऊ द्या की वहिनी, तुमी मागनं बसा." म्हटलं, गार झाल्यावर वातड होतात, आत्ताच बसते. बसले. हर्षालीही बसली. भाऊजींनी दोन्ही संपवली, बोटं चाटली, आणि तिसरं मागितलं. नाही म्हटलं. या घरात मी ताटावर बसलेल्या पुरुषाला नाही म्हटल्याचं मला तरी आठवत नाही. आभाळ काही कोसळलं नाही. त्यांनी कांदा घेतला.

हात धुतल्यावर त्यांनी पिशवीतून कागद काढला. दादा जाऊन पाच महिने झाले, आता उशीर नको, पोरीला साडीचोळी करू, रीतच आहे, असं सगळं बोलले. रीत मला शिकवायला नको. माझ्या माहेरी, आळ्याला, तुझ्या भगवंतमामानं मलाही असंच बोलावलं होतं. कोंबडी केली, हिरवी साडी नेसवली, आणि मी कागद न वाचता सही केली. सातवी शिकलेली बाई मी, वाचता येत होतं गं! त्यानंतर कधी आळ्याला गेले की दारात पाऊल टाकायच्या आधी चप्पल कुठं काढू, असा परक्यासारखा विचार पडतो. मामा वाईट नाही. आपला स्वराजही वाईट नाही. पण काल तो अगदी सहज म्हणाला, "ताईचं काय एवढं? तिला कुठं काय लागतं?" त्यात लबाडी नव्हती, प्राची. त्याला खरंच तसं वाटतं. ते वाक्य माझं आहे, मी त्याला घासाघासानं भरवलेलं. मी तिथंच सांगितलं की माझा वाटा सोडायची सही मी करणार नाही. स्वराज उठून गेला. आज सकाळी चहा न घेता कांद्याला पाणी द्यायला गेलाय. येईल. भूक लागली की येईल, आणि आला की पुन्हा तेच सांगेन.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. तुला वाटत असेल हे सगळं भाऊजींनी ठरवलं. नाही. दादांच्या तेराव्याला त्यांनी मला विचारलं होतं, पोरीला आधी विचारायचं का? आणि मी म्हणाले, तिला कशाला विचारायचं, ती करेल सही. तू तेव्हा आत भांडी घासत होतीस. तो शब्द मी काल त्यांच्यासमोर, स्वराजसमोर, सुनेसमोर मागे घेतला, आणि आज तुझ्यासमोर घेते. मला माफ कर असं म्हणून तुला आणखी एक काम लावत नाही. रविवारी ये. सोमवारी घोडेगावला न जाता आपण इथंच तलाठ्याकडे जाऊ. दादांचे वारस म्हणून सातबाऱ्यावर तिघांची नावं लावायचा अर्ज हर्षालीनं सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलाय. त्यावर माझी सही झाली आहे. तिच्या खाली तुझी जागा आहे. जमीन भावाला द्यावीशी वाटली तर खुशाल दे, तुझी होऊ दे आणि मग दे. नको वाटली तर जागा कोरी सोड. पण ते तू तुझ्या तोंडानं सांगायचंस, आणि मी ऐकायला शेजारी बसलेली असेन.

तुझीच,
आई