चतुराबाईंच्या नावाची खोली

८ फेब्रुवारी २००४, रविवार

नंबर लागला नाही, नंबर लावला. दोन्हीत केवढा फरक आहे ते आज कळलं.

सकाळी साहेबराव आले होते. ह्यांचे शाळेतले मित्र, मोंढ्याच्या बाजारात बियाण्यांचं दुकान आहे त्यांचं. दोन वर्षांपूर्वी औरंगाबादला कुठल्याशा हॉटेलात फुकटचं जेवण म्हणून गेले आणि हॉलिडे क्लबचे मेंबर होऊन परत आले. पंचवीस वर्षांसाठी! दरवर्षी पॉइंट मिळतात, त्यावर क्लबच्या हॉटेलांत राहायचं. पण ह्या बाबाचा पाय दुकानातून निघत नाही. ह्या वर्षीचे पॉइंट एकतीस मेला जळणार. "वहिनी, जळून जाण्यापेक्षा तुम्ही घ्या भाड्यानं," म्हणाले. घेतले. महाबळेश्वर, मे महिन्यात चार रात्री. मी आणि आई. दोघीच!

तर महाबळेश्वर आधीच भरलेलं. वेटिंग लिस्ट. "नंबर लावून ठेवू, लागला की फोन करतो, मे काय आत्ताच आलाय?" — इति साहेबराव.

पाहुण्याच्या नावाच्या जागी त्यांनी माझं नाव लिहायला घेतलं. मी म्हटलं, नाही, आईचं लिहा. श्रीमती चतुराबाई. जन्मभर शेतात राबली, सातबाऱ्यावर तिच्या नावाची एक ओळ नाही. निदान चार रात्री एक खोली तरी होऊ दे तिच्या नावाची.

हे म्हणाले, "त्यांना आत्ता सांगू नको. खर्च कशाला म्हणून नको म्हणतील." खरं आहे. निघायच्या आदल्या दिवशीच सांगायचं.

११ फेब्रुवारी

फोन नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

आईला आमच्याकडे येऊन तीन महिने झाले. पिंपळगावचं माहेरचं घर भावानं, रामकिसननं पाडलंय, नवीन बांधतोय. गिलावा होईपर्यंत आईला तुझ्याकडे ठेव म्हणाला. ठेव म्हणे! मला तर आनंदच झाला, पण तिला अवघड होतं. लेकीच्या घरी इतके दिवस राहू नये, लोक काय म्हणतील. रोज एकदा तरी म्हणतेच.

साहेबरावांना फोन केला. फॉर्मात आणखी लिहायचं होतं. "खालच्या मजल्यावरची खोली पाहिजे म्हणावं, म्हातारं माणूस आहे, जिना होत नाही. कमोड पाहिजे. जेवण दोन्ही वेळचं तिथंच ना? आणि डॉक्टर असतो का बोलावला तर?" त्यांना ऐकू येत नव्हतं म्हणून ओरडून सांगावं लागलं. दुकानात ट्रक लागला होता.

आई समोर तूर निवडत बसली होती. "कुणाची खोली गं बेबे?"

लग्नात माझं नाव बदललं, सत्यशीला केलं. आईला ते आजतागायत जिभेवर येत नाही. तिच्यासाठी मी माहेरची बेबीनंदाच.

"तुझीच," मी म्हटलं आणि हसले. "नंबर लागला की कळेल."

३ मार्च

आज मीच क्लबला फोन केला. साहेबराव रोज "लावतो, लावतो" म्हणतात आणि लावत नाहीत. पलीकडची पोरगी हिंदीत — मेंबर नंबर? सांगितला. मेंबरच बोलताय का? मिसेस बोलतेय, म्हटलं. (देवा, माफ कर!) मेंबरची जन्मतारीख? आता आली का पंचाईत! मग डोक्यात आलं, साहेबराव आमच्याच पिढीचे, आमच्याच जिल्ह्यातले. ठोकून दिलं — एक जून. बरोबर निघालं! शाळेत घालताना मास्तरांनी सगळ्यांची हीच लिहिली. त्याचा आज पहिल्यांदा उपयोग झाला.

आमचा नंबर चौथा आहे. चार म्हणजे काही फार नाही.

१६ मार्च

नंबर सातवा!!

चारचा सात कसा होतो? रेशनच्या रांगेत डबा ठेवला तर तो पुढं सरकतो. हा डबा मागं सरकतोय. पोरगी म्हणाली, वरच्या दर्जाचे मेंबर आले की ते आधी. शिवाय भाड्यानं पॉइंट घेतलेले पाहुणे मेंबरच्या मागं. आणि म्हणे, "मॅडम, ये लाइन है ही नहीं." कुणाची तरी खोली रद्द होते, मग कॉम्प्युटर बघतो की ह्या तारखा, ही खोली, इतक्या रात्री नेमक्या कुणाला पाहिजेत. ज्याचं जुळेल त्याला. आपल्याला चार रात्री सलग, त्यातून खालचा मजला. दोन रात्री मागणारा दहाव्या नंबरचा माणूस आत गेलासुद्धा.

लाइन नाही तर नंबर कशाला देता? त्यावर तिचं उत्तर — "सिस्टम है मॅडम."

बरं, दुसरं ठिकाण मागावं तर पॉइंट ह्या नंबराला अडकलेले. ते सोडवायचे तर नंबर सोडायचा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

२५ मार्च

घरातसुद्धा सरळ काही नाही. आई पहाटे माझ्या आधी उठते, झाडून काढते, गुडघे धरून भांडी घासते. भांड्यांना बाई आहे! आज ओरडलेच तिच्यावर. "गुडघे आणखी बिघडवून घे, म्हणजे तिथं गेल्यावर पडूनच राहशील!" तिनं पातेलं विसळलं आणि पालथं घातलं.

५ एप्रिल, सोमवार

बदनापूरला माझ्या नोकरीच्या केंद्रावर हेडक्लार्क श्रीपतरावांकडे रजेचा अर्ज दिला. चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, तारखा टाका की."

"तारखा अजून आलेल्या नाहीत."

"मंग रजा कशाची मंजूर करू? मेमधी कधीतरी चार दिवस? आकस्मिक रजाबी अशी ऱ्हात न्हाई."

सगळे हसले. मीही हसले, पण राग आला होता. तारीख असल्याशिवाय रजा नाही, आणि तिकडे क्लबवाले म्हणतात, तारखा मोकळ्या ठेवल्या तरच खोली लवकर. त्यात निवडणुकीच्या ड्यूटीचा कागद येऊन पडलाय. बदनापूरहून गाडी पाऊण तास उशिरा. स्टेशनवर बसून शेंगा खाल्ल्या आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या दिल्या, अगदी सिस्टमलासुद्धा.

११ एप्रिल, रविवार

साहेबरावांशी भांडण झालं. दोन-दोन रात्रींचे दोन नंबर लावू म्हणतात. म्हटलं, पहिल्या दोन मिळाल्या आणि पुढच्या दोन नाही मिळाल्या तर? आईला बसमध्ये एवढं हिंदकळत नेऊन दोन दिवसांत परत? "वहिनी, मी काय मुद्दाम करून राह्यलो का? फोन बराबर लावल्ता मी, खालच्या मजल्याची अट काढा म्हणतेत ते." अट काढणार नाही! सात ते अठ्ठावीस मे, कुठल्याही चार रात्री चालतील, एवढं मात्र कळवलं.

आता नियम असा — खोली निघाली की क्लब फोन करणार. त्याच दिवशी हो म्हणायचं, नाहीतर खोली पुढच्याला. साहेबराव खरिपाच्या गाठीभेटींना परभणी-नांदेडकडे निघालेत, महिनाभर इकडे नाहीत. म्हणून त्यांनी क्लबला आमच्या घरचा नंबर दिलाय. आणि दिवसा घरी असतं कोण? आई!

तिला फोनजवळ बसवून शिकवलं. "खोलीचा फोन येईल. बाई हिंदीत बोलेल. तू फक्त हो म्हणायचं. दुसरं काही नाही."

"हो म्हनलं की मंग?"

"मग आपला नंबर लागला! चांगल्या ठिकाणी नेते तुला. तुला काही काम नाही, सगळं आयतं हातात."

"आन् तू?"

"मीच तर सोडणार ना तुला तिथं!" चेष्टा करायला गेले. तिला हसू आलं नाही. आईला हल्ली चेष्टा कळत नाही.

१९ एप्रिल

आई म्हणते, पिंपळगावला जाते. अगं, घराला अजून छत नाही! "पत्र्याखाली ऱ्हाते. झुंबरबाई दोन घास घालीन." झुंबरबाई म्हणजे माझी भावजय, तिनं एकदा तरी फोन केलाय का इतक्या दिवसांत? मला फार लागलं. माझ्या घरात तुला काय टोचतं म्हणून विचारलं. "टोचत न्हाई गं. लईच सुख हाये." आणि डोळ्याला पदर.

हे म्हणाले, गावाची आठवण येत असेल. असेल. पण मी इथं कुणासाठी डोकं फोडून घेतेय?

३० एप्रिल

नंबर तिसरा! सातचा तीन! कशामुळे ते विचारलंच नाही. विचारलं आणि परत सात झाला तर?

आईसाठी नवं लुगडं आणलं, आणि पायांत घालायला कापडी बूट. तिनं हात फिरवला, घडी मोडली नाही. "एवढं कशाला? तिथं कोन बघतं मला?"

७ मे

आज निदान एकजण तरी खूश आहे. आई कालपासून निराळीच दिसते. पोटभर जेवली. बोळवणीची जुनी गाणी पुटपुटत होती. विचारलं, फोन आला होता का? "न्हाई बाई." मग मला म्हणाली, केसांना तेल लावून देऊ का? लावून घेतलं. चाळीस वर्षांची घोडी झाले तरी बरं वाटलं.

१२ मे

फोन नाही. टेलिफोन खात्यात जाऊन विचारून आले, लाइन चालू आहे का. चालू आहे.

१६ मे

क्लबला फोन केला. आता रोज नवीन पोरगी, रोज पहिल्यापासून सांगायचं. आज एक जून सांगूनही चाललं नाही — "मेंबर से बात कराइए." मेंबर परभणीत, तिथं त्यांच्या मोबाइलला रेंज नाही. रिसीव्हर इतका जोरात आपटला की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. माझं तोंड बघून परत आत गेली.

२१ मे, शुक्रवार

संपलं. यायच्या दिवसाच्या सात दिवस आधी वेटिंग आपोआप बंद होतं. अठ्ठावीसपर्यंतची सगळी बंद झाली. तीन नंबर होता! रडले. नेणार होते, काय काय ठरवलं होतं. सकाळी तिला गादीवर चहा द्यायचा. वेण्णा तलावाकाठी बसवायचं. आयुष्यात एकदा तिनं ताट स्वतः वाढून न घेता जेवावं, एवढंच म्हणणं होतं माझं. ते ह्या लोकांनी होऊ दिलं नाही. शेवटी ती खोली कुणाला दिली असेल? असेल कुणी वरच्या दर्जाचा.

आईला सांगितलं — खोली मिळाली नाही, आता राहू दे. तिनं देव्हाऱ्यासमोर हात जोडले. मला वाटलं, माझ्यासाठी.

२३ मे, रविवार

साहेबराव आले. आल्या आल्या मी तोंड सोडलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग आमच्याच फोनवरून क्लबला विचारलं. बराच वेळ "हां, हां" चाललं होतं. फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, खोली निघाल्ती. सहा तारखेला. खालचा मजला, चार रात्री, तुम्हाला पाहिजे तशी. त्यांनी इथं फोन केल्ता. तुमच्याच घरून न्हाई म्हणलं."

कोणी?

"बुजुर्ग लेडी, असं लिवलंय त्यांच्याकडं. कमरा हमको नक्को, नाम काट दो म्हणल्या. त्या पोरीनं दोनदा इचारलं."

साहेबराव गेले. आई बाल्कनीत चिंचा वाळत घालतेय. ह्या बाईनं माझे तीन महिने मातीत घातले! आत्ताच जाऊन विचारते.

२४ मे

आई म्हणाली, "त्या पोरीनं माझं नाव घेतलं बेबे. चतुराबाईची खोली निघाली म्हनली. गावातल्या मालनबाईलाबी तिच्या ल्योकानं असाच नंबर लावून नेल्तं. चार दिवस हवा पालटून ये, आयतं खायाला भेटतंय म्हनला. आश्रम व्हता त्यो म्हाताऱ्यांचा. तीन वर्स झाले, अजून न्ह्यायला आला न्हाई. तू रागावशीन ठाव व्हतं मला. तरी माझ्या तोंडून हो निघंना."

तीन महिने ती रोज त्या फोनची वाट बघत ह्या घरात राहिली. आणि मी इथं पानंच्या पानं माझाच छळ लिहून ठेवलाय.