नवव्या दिवसापुढची कोरी जागा

राजाजीनगर, बेंगळुरू
भाद्रपद, गुरुवार

अहो,

आज सकाळी घरात आलं ते असं: दूध अर्धा लिटर, नेहमीच्या भावानं. देवाला झेंडू, वीस रुपये; फार वाटले, पण घेतले. आणि वसुधाताईंनी पाठवलेले दोन छापील कागद, खर्च काही नाही. त्या कागदांमुळेच लिहायला बसले.

तुमची दुरुस्ती मान्य झाली. कर्नलमध्ये गेली. वर तुमचं नाव आहे, वडिलांच्या आद्याक्षरासकट. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं, मग कागद तुमच्या फोटोपुढे ठेवला आणि नंतर देवापुढे. क्रम चुकला असेल, पण देव समजून घेईल.

कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला मुख्य कारभारी, मेमरीतली जागा कुणाला किती द्यायची ते तो ठरवतो, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. निवृत्तीनंतर माणसं बागेत फिरायला जातात. तुम्ही आतल्या खोलीत त्या जुन्या मशीनपुढे बसायचात. मी एकदा विचारलं, "त्यात एवढं बिघडलंय तरी काय?" तर म्हणालात, "अगं, तुझ्या मंडळाच्या हॉलमध्ये झालं होतं ना, तेच."

आठवतं ना? मंडळाच्या हॉलची नोंदवही माझ्याकडे. सगळा हॉल एकाच घराला दिला की वहीत एकच ओळ. काम सोपं. अर्धा परत आला की मधले लाकडी पडदे ओढायचे, चार खोल्या करायच्या आणि प्रत्येक खोलीची वेगळी ओळ लिहायची. मी आत डोकावून बघितलं, खोली रिकामी. पडदा ओढून वहीत मोकळी लिहिली आणि बारशाच्या लोकांना दिली. तेवढ्यात मागच्या दारानं मुंजीची उरलेली पंगत येऊन बसली होती! बारशाचा पाळणा श्रीखंडाच्या ताटांमध्ये. तुम्ही आठवडाभर हसत होतात.

"मशीनही तसंच करतं," तुम्ही म्हणालात. "पाचशे बारा लहान पानं जोडून एक मोठं पान करतं, म्हणजे हिशेब कमी. पुढे जागा कमी पडली की मोठं पान परत फोडतं. पण बघणं आणि फोडणं यांच्यामध्ये एक क्षण जातो. त्या क्षणात कुणी आत शिरलं, की एक पान दोघांच्या हातात."

"मग आधी दाराला कडी लावायची," मी म्हटलं. "मग मोजायचं, मग पडदा. मी तेव्हापासून तसंच करते."

"कड्या आहेत गं सगळीकडे. एका दाराला लावायची राहिलीय. ते दार सापडत नव्हतं. आता सापडलंय बहुतेक. पण परदेशातले तपासणारे म्हणतात, आधी बिघाड घडवून दाखवा, मग दुरुस्ती लावून तो घडत नाही हे दाखवा."

आणि बिघाड लवकर घडायचा नाही. नव्या मशीनमध्ये मेमरी इतकी, की ती भरतच नाही. आपल्या जुन्या डब्यातच तो दिसणार, तोही कितीतरी दिवस सलग चालवल्यावर. गेल्या वर्षी घट बसले त्याच दिवशी तुम्ही ते लावलंत. मी देवघरात अखंड दिवा लावला, तुम्ही आत मशीन. मला कुठं ठाऊक, की तेही अखंडच हवं होतं? एका शब्दानं सांगायचं होतंत.

खंडेनवमीला तुम्ही जुन्या ऑफिसात पूजेला गेलात. माझं तर लहानपणापासून ठरलेलं: त्या दिवशी यंत्रांना सुट्टी. मिक्सर पुसला, शिवणयंत्र पुसलं, तुमची स्कूटर पुसली. मग आत जाऊन तुमचं मशीन बंद केलं, ओल्या फडक्यानं पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. दिव्याकडे मात्र नऊ दिवस डोळ्यांत तेल घालून बघत होते.

तुम्ही चुरमुऱ्यांची पुडी घेऊन आलात. आतल्या खोलीच्या दारात उभे राहिलात. जरा जास्तच वेळ उभे होतात, हे मला आता कळतंय. मग म्हणालात, "पूजा छान झालीय."

चहा पिऊन बटणाकडे हात नेलात, तर मीच म्हटलं, "आज नाही हं. आज सुट्टी."

"सरी," म्हणालात, कन्नडातलं 'बरं'. "उद्या लावतो."

दसऱ्याला परत लावलंत. कोजागिरीच्या सकाळी छातीत दुखलं. दवाखान्यात तुम्ही दुपारपर्यंतच होतात.

चैत्रात वसुधाताई आल्या, के. आर. पुरमहून मेट्रोनं. तुमच्या हाताखाली वीस वर्षं काम केलेल्या. निपाणीच्या, त्यामुळे बोलायला मोकळ्या. "वहिनी, स्वल्प त्रास देऊ काय? सरांचं ते काम अर्धं ऱ्हायलंय. तपासणाऱ्यांनी दोनदा विचारलं. उत्तर गेलं नाही तर बाजूला टाकून देतात बगा."

मशीनवर मी चादर घातली होती. ती काढली, तर कुंकू अजून तसंच होतं. ड्रॉवरमध्ये तुमची वही सापडली. वसुधाताई वाचत गेल्या. मशीन जेव्हा जेव्हा थांबलं, तेव्हा तुम्ही कारण लिहिलेलं. लाइट गेली. वायर सैल. माझी चूक. आणि मग: नववा दिवस, मशीन बंद, कारण. त्यापुढे काहीच नाही.

"हे काय झालं होतं वहिनी?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, "जाऊ दे की हो. परत लावूया."

मशीन लावलं. बटणावर मी स्वतः कागद चिकटवला, मोठ्या अक्षरात. रोज सकाळी आंघोळ करून आधी देवाला, मग मशीनला नमस्कार. एका दुपारी लाइट गेली ती चार तास. यूपीएसची बॅटरी पुरावी म्हणून फ्रिज काढला, पंखा काढला. दही आंबलं, मीही घामानं आंबले. पण मशीन चालू राहिलं.

अकराव्या दिवशी ते अडकलं. पडदाभर अक्षरं. मी घाबरून फोन केला, तर वसुधाताई पलीकडून ओरडल्या, "आला, वहिनी! हाच तो!" त्या आनंदानं रडत होत्या. मी फोन ठेवला आणि बोटं मोजली. तुम्ही लावलंत त्या प्रतिपदेपासून अकरावा म्हणजे एकादशी. कोजागिरीच्या चार दिवस आधी. मी बंद केलं नसतं, तर तुम्ही तो डोळ्यांनी बघितला असता.

त्या दिवशी मी जेवले नाही. वसुधाताईंना उपास सांगितला.

मग तुमची दुरुस्ती लावून परत चालवलं. अकरावा दिवस गेला, पंधरावा गेला. एकवीस दिवस झाले तेव्हा त्या म्हणाल्या, "आता येत नाही तो. बस झालं." मी आणखी एक दिवस ठेवलं.

छापील कागदावर तुमच्या नावाखाली, चाचणी कुणी केली त्या ओळीत, माझं नाव आहे. मी नको म्हटलं. मॅट्रिक पास बाई, मला त्यातलं काय कळतं? तर वसुधाताई म्हणतात, "बत्तीस दिवस मशीन कुणी राखलं मग? मी? नावापुढे ई-मेल लागतंय, काढून देते." आता माझ्याही नावाचा पत्ता आहे. तुमच्या खाली माझं नाव याआधी फक्त रेशनकार्डावर होतं.

यंदा वर्षश्राद्ध व्हायचंय, म्हणून घट बसणार नाहीत, अखंड दिवाही नाही. पण मशीनला दुसऱ्या चाचण्या आहेत, वसुधाताईंच्या. ते मी प्रतिपदेला लावणार आणि खंडेनवमीला चालू असतानाच हळदकुंकू वाहणार. बटणाला हात लावणार नाही, हा शब्द.

राहिली ती वही. माझ्या वहीत एकही रकाना कोरा नसतो, यावरून तुम्ही मला किती चिडवायचात! आणि आता तुमच्याच वहीत मला हे सापडावं? तीनदा पेन हातात घेतलं. "कारण: मी" लिहायला कितीसा वेळ लागतो? पण वही तुमची आहे. तुम्ही ते रागानं लिहिलं नाहीत, की माझं नाव तिथं यायला नको म्हणून, हे मला कळत नाही. ते कळेपर्यंत जागा तशीच ठेवते.

फार नको. एक ओळ पुरे. मशीन चालूच असेल. उलट टपाली कळवा.

तुमची,
सुधा