लॉर्नाचा टॅक्स आणि माझं तत्त्व

६ जानेवारी, शनिवार
या वर्षीचे संकल्प: मार्चच्या गावसभेत बजेटमधून दोन लाख डॉलर कापायचे. मिठाला हात लावायचा नाही. लॉर्ना फेसेंडनशी वाद घालण्यात वेळ घालवायचा नाही.

शेवटचा संकल्प उद्यापासून. आज कचरा डेपोवर ती भेटलीच, बाटल्यांच्या पिंपापाशी. म्हणाली, काय नॉरिस, या वर्षी काय कापणार, रस्ते की दिवे? मी शांतपणे सांगितलं की देशाचं कर्ज एवढं झालंय की आकडा लिहायला एक ओळ पुरत नाही आणि तुमच्या डाव्या मंडळींचं आपलं ऋण काढून सण चाललंय. ती म्हणाली, मग वॉशिंग्टनचं कर्ज तू आमच्या बर्फ काढायच्या गाडीतून वसूल करणार का? पन्नास मिनिटं गेली. डेपोवाला गस फाटक लावायला आला आणि म्हणाला, तुम्ही दोघं एक तर लग्न करा नाहीतर कचरा टाका. अडाणी माणूस.

गेल्या वर्षी माझ्या उपसूचनेला नऊ मतं पडली. विरोधात एकशे एकसष्ट. त्याआधीच्या वर्षी सात होती. लोक जागे होतायत.

९ जानेवारी, मंगळवार
लॉर्नाचा घर तापवायचा बॉयलर बंद पडला म्हणून जावं लागलं. बॉयलर-दुरुस्तीच्या कामातून मी निवृत्त झालो असलो तरी कुणी बोलावलं तर जातो. कुणी म्हणजे लॉर्नाच. बाकीचं गाव आता दुसरा माणूस बोलावतं.

बॉयलरला काहीही झालं नव्हतं. नुसतं बटण बंद होतं. हे गेल्या हिवाळ्यापासून चौथ्यांदा. पस्तीस वर्षं शाळेत संगीत शिकवलं बाईने, पण बटण कळत नाही. डाव्यांचं असंच. यंत्र कसं चालतं ठाऊक नाही, आणि सरकार चालवायला निघतात.

तिने माशाचं सूप वाढलं. मी फक्त विनयाने तीन वाडगे घेतले. खाताना विषय निघाला गावाने नेमायच्या हवामान-सल्लागाराचा. वर्षाला अठरा हजार! आमच्या गावात हवामान दोनच प्रकारचं: बर्फ आणि चिखल. ते मी फुकट सांगतो. मी म्हटलं, हे म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणं. ती म्हणाली, हलवाई मीच आहे रे, टॅक्स मीही भरते. यावर मला उत्तर होतं, पण तोंडात बटाटा होता.

दोन तास चाळीस मिनिटं फुकट गेली. घरी आलो तर माझी बायको जॉइस वारल्यापासून असतं तसंच सगळं. रेडिओ लावला.

१३ जानेवारी, शनिवार
गस म्हणाला, लॉर्नाच्या दारात घरांच्या दलालाची गाडी पाहिली. मी म्हटलं, रस्ता चुकला असेल. गस म्हणाला, दोनदा?

१४ जानेवारी, रविवार
सरळ जाऊन विचारलं. हो म्हणाली. घर विकतेय. मुलाकडे जाणार, ॲरिझोनात, टूसानला.

टॅक्स झेपत नाही. शाळेची नवी इमारत झाल्यापासून घराचा टॅक्स नऊ हजारांवर गेला, आणि पेन्शन आहे तिथेच. ती इमारत कुणी मंजूर करून घेतली? हिनेच. पाच वर्षांपूर्वी माइकसमोर उभी राहिली आणि म्हणाली, या गावातल्या मुलांनी वाद्यं भांड्यांच्या कपाटात ठेवायची का? लोक रडले. मी तेव्हाच आकडे देऊन सांगितलं होतं: मुलं एक्केचाळीस, पगार घेणारे सव्वीस, अंथरूण पाहून पाय पसरा. कुणी ऐकलं नाही.

आज ती म्हणाली, बोल की, मी सांगितलं नव्हतं का? बोलून टाक.

बावीस वर्षं मी या वाक्याची वाट पाहतोय. काही बोललो नाही. का, ते समजलं नाही. घसा दुखत असावा.

१६ जानेवारी, मंगळवार
उपाय सापडला! दोन लाख कापले की सगळ्यांचाच टॅक्स उतरणार. लॉर्नाचाही. म्हणजे मी जिंकलो तर ती इथेच राहील, आणि तिला कबूल करावं लागेल की तिला माझ्या विचारांनी वाचवलं. एका दगडात दोन पक्षी.

हिशेब केला. तिचा टॅक्स वर्षाला दोनशे नव्वद डॉलरनी कमी होईल. सुरुवात म्हणून ठीक आहे.

१८ जानेवारी, गुरुवार
गसला योजना सांगितली. त्याने ऐकून घेतली आणि म्हणाला, दोनशे नव्वदने काय होतंय? म्हाताऱ्यांच्या टॅक्स-सवलतीची मर्यादा वाढव. लॉर्नाचं उत्पन्न मर्यादेच्या फक्त अकराशे वर आहे. सवलत मिळाली तर तिचे वर्षाला अडीच-तीन हजार वाचतील. घर विकायची गरजच नाही.

मी हातमोजे चढवले. तो म्हणाला, तीन वर्षांपूर्वी ती मर्यादा वाढणारच होती. कुणी पाडली?

मी पाडली. बावीस वर्षांतला माझा एकमेव विजय. अठ्ठ्याऐंशी विरुद्ध ब्याऐंशी. मी म्हटलं होतं की एकाला सवलत म्हणजे दुसऱ्याच्या खिशात हात. आजही तेच म्हणतो. तत्त्व म्हणजे तत्त्व. ते काय शेजारीण बघून ठरवायचं?

गस म्हणाला, पंचवीस लोकांच्या सह्या घेऊन अर्ज दे, विषय पुन्हा सभेपुढे येतो. सहा फेब्रुवारी, संध्याकाळी पाचपर्यंत. कोरा अर्ज गावच्या कचेरीत मिळतो.

मी तिथून निघून आलो. येताना कचेरी वाटेतच पडते, म्हणून कागद घेऊन ठेवला. कागदाने तत्त्व बिघडत नाही.

२० जानेवारी, शनिवार
डेपोवर अर्ज घेऊन गेलो होतो. शनिवारी सगळं गाव येतं तिथे. थंडी एवढी की पेनातली शाई गोठली. पेन्सिलने केलेली सही चालत नाही.

मी विचार केला आहे. सवलत म्हणजे खर्च नव्हे. सरकारने आपलाच पैसा आपल्याकडे राहू देणं, ही तर अस्सल उजवी भूमिका आहे. तीन वर्षांपूर्वी हे मला सुचलं नव्हतं, एवढंच.

२७ जानेवारी, शनिवार
पेन कोटाच्या आत, अंगाशी धरून नेलं. चाललं. पण लोकांना काय सांगायचं हे नीट ठरलं नव्हतं. पंचवीस जणांपुढे उभं राहून मी चुकलो म्हणायचं? चुकलो नाहीच. परिस्थिती बदलली. हे समजावणारं एक टिपण लिहायला घेतलं आहे. आतापर्यंत तीन पानं.

गस म्हणाला, आण तो कागद इकडे, फाटक लावायच्या आत पंचवीस सह्या करून देतो. लॉर्नासाठी कोण नाही म्हणेल? मी दिला नाही. विषय माझा, जबाबदारी माझी. शिवाय माझ्या बाजूने मत देणारी नऊ माणसं आहेत, त्यांना काय वाटेल?

३ फेब्रुवारी, शनिवार
शेवटचा शनिवार. झाडून सगळे आले होते. कागद आतल्या खिशात.

लॉर्नाही आली होती. जुन्या स्वरलिपीच्या वह्या टाकायला. मला म्हणाली, काय रे, आज भाषण नाही? म्हटलं, घसा बसलाय. ती म्हणाली, मग देशाचं कसं होणार? आणि हसली. मी तिच्या वह्या पिंपात टाकू लागलो. वीस-पंचवीस तरी असतील. खूप वेळ लागला. मग फाटक बंद झालं.

टिपण आता सात पानांचं झालं आहे. चांगलं उतरलंय.

६ फेब्रुवारी, मंगळवार, संध्याकाळी ५.१०
कचेरी पाचला बंद झाली. साडेतीनपासून समोर गाडीत बसून होतो, हीटर लावून. समोरच्या दुकानात निदान तीसेक माणसं येऊन गेली. सगळी ओळखीची. दोघांनी तर काचेवर टकटक करून विचारलं, नॉरिस, बरा आहेस ना? म्हटलं, उत्तम.

पुढच्या वर्षी नक्की. घरं काय एका महिन्यात विकली जातात? या बर्फात कोण बघायला येणार?

१३ फेब्रुवारी, मंगळवार
घर विकलं गेलं. बोस्टनचं जोडपं. फक्त उन्हाळ्यात येणार. सांगितलेली किंमत एका दमात रोख दिली.

देशाची अर्थव्यवस्था कोणत्या दिशेला चालली आहे यावर लिहिणार होतो. आज नको.

२४ फेब्रुवारी, शनिवार
लॉर्ना गेली.

मुलगा ट्रक घेऊन आला होता. पियानो कालच शाळेत पोचवला, नव्या इमारतीतल्या तिच्या त्या संगीताच्या खोलीत. मी आणि गसने धरला. खोली खरंच चांगली आहे. उजेड येतो. हे मी कुठे बोलणार नाही.

निघताना तिने मला अंगणात बाजूला घेतलं. हातमोजा काढून माझा हात धरला. म्हणाली, नॉरिस, टॅक्सच्या बाबतीत तुझं बरोबर होतं. इतकी वर्षं मी मान्य केलं नाही. मला वाटायचं टॅक्सपायी गाव कुणाला बाहेर पडू देणार नाही. पण खोली हवी होती रे मुलांना. पुन्हा विचारलंस तर पुन्हा तिच्याच बाजूने मत देईन.

मला कितीतरी सांगायचं होतं. जाऊ नकोस. सवलतीचं माझ्यामुळे झालं. बटण तूच बंद करतेस हे मला पहिल्या वेळेपासून माहीत होतं.

मी म्हणालो, हायवेचा टोल वाढलाय, सुटे पैसे काढून ठेव.

तिने हातमोजा पुन्हा चढवला. म्हणाली, ठेवते. मग ट्रक वळणावरून गेला. मी घरी येऊन जेवलो नाही.

२ मार्च, शनिवार
खचून चालणार नाही. शांतपणे पाहिलं तर परिस्थिती अनुकूल आहे. गावात मला उत्तर देऊ शकणारं एकच माणूस होतं, आणि ते आता नाही. म्हणजे मैदान मोकळं. भाषण तयार आहे, अकरा पानं. या वर्षी दोन लाख कापले जाणारच.

लॉर्ना कुठल्या मुद्द्यावर मध्ये बोलेल त्या जागा समासात खुणा करून ठेवल्या होत्या. सवयीने. त्या खोडल्या. भाषण बरंच लहान झालं.

डेपोवर चार मिनिटांत काम उरकलं.

१२ मार्च, मंगळवार
गावसभा झाली. तांत्रिक कारणामुळे उपसूचना चर्चेला येऊ शकली नाही.

नाही. नीट लिहितो. वाचणारं कोण आहे?

सभागृह भरलेलं होतं. बजेटचा विषय आला. मी उभा राहिलो आणि म्हणालो, दोन लाख कमी करावेत अशी उपसूचना मांडतो. सभाध्यक्ष अर्ल ड्रिस्कोने नेहमीप्रमाणे विचारलं, अनुमोदन? दुसऱ्या कुणीतरी एकाने अनुमोदन दिल्याशिवाय चर्चा होत नाही, असा नियम आहे.

कुणी काही बोललं नाही.

अर्लने पुन्हा विचारलं. मी माझ्या नऊ जणांकडे पाहिलं. दोघं आलेच नव्हते. एक जण घड्याळ बघत होता. मागून जेवणाचा, घेवड्याचा आणि हॅमचा वास येत होता आणि लोकांना भूक लागली होती. गस बुटांकडे बघत होता. अर्ल नियमापेक्षा जास्त थांबला, भला माणूस आहे. मग हळूच म्हणाला, अनुमोदन नाही, नॉरिस, बस आता.

अकरा पानं खिशातून काढलीच नाहीत. बजेट नऊ मिनिटांत मंजूर झालं. हवामान-सल्लागारासकट.

जेवताना अर्ल शेजारी येऊन बसला. म्हणाला, मनाला लावून घेऊ नकोस. दरवर्षी हे असंच झालं असतं. बावीस वर्षं तुला अनुमोदन लॉर्नाच द्यायची ना.

मला हे माहीत होतं. तिसऱ्या रांगेतून तिचा हात वर यायचा, मग ती उठून माझी सालटी काढायची. मी समजायचो की तिला भाषण ठोकायची हौस, म्हणून देते. अर्ल म्हणाला, एकदा मी तिला विचारलं होतं, कशाला त्याला चढवतेस, एरवी अर्ध्या मिनिटात आटपेल. तर म्हणाली, माणूस वर्षभर तयारी करतो. त्याचं ऐकून तरी घ्या, मग मी आहेच.

तीन वर्षांपूर्वी, सवलतीची मर्यादा वाढू नये ही माझी उपसूचना, तिलाही अनुमोदन तिचंच होतं. त्या वेळीही ती विरोधात बोलली, आणि त्या वेळी मी सहा मतांनी जिंकलो. तिचं घर त्यातच गेलं. हे तिला माहीत होतं. एका शब्दाने बोलली नाही मला. सूप वाढत राहिली.

गस म्हणाला, पुढच्या वर्षी अनुमोदन मी देतो. मी म्हटलं, नको. मला उत्तर कोण देणार?

आत्ता टूसानला घड्याळ तीन तास मागे, म्हणजे दुपार असेल. फोन समोर आहे. केला नाही.

या गावात टॅक्स जास्तच आहे. डाव्यांना दुसऱ्याचा पैसा खर्च करताना हात आखडता घेता येत नाही. हे माझं मत कायम आहे. पण लॉर्नाला टॅक्सने नाही घालवलं. एक कोरा कागद एकोणीस दिवस खिशात ठेवून मी घालवलं.