झाडावर एक कुंडी

नरपड,
रविवार, ता. ८ डिसेंबर २०२४

शुक्रास अण्णाचा राम राम.

घरी सगळी बरी असतील असं धरून चालतो. विचारायला तोंड राहिलेलं नाही. इकडे आम्ही म्हातारा-म्हातारी आहोत तसेच आहोत. हिरकणीचे गुडघे थंडीने धरलेत. मला खोकला आहे, पण तो दरवर्षीचा. यंदा चिकूत अळी फार, अर्धा माल टाकावा लागतो.

फोन का नाही केला म्हणशील. मला कमी ऐकू येतं म्हणून मी ओरडून बोलतो आणि आमचा मुलगा जतीन ओट्यावरच बसलेला असतो. तुमच्या उधव्याची भिकी चिकू उतरवायला येते, तिच्याकडे हे देतोय. तुझ्या संगिताकडून वाचून घे. रूपेशकडून नको. तुझा पोरगा तापट आहे, अर्ध्यावरच मोटारसायकल काढून इकडे येईल.

वकिलांनी मला बजावलंय की दुसऱ्या पार्टीशी परस्पर बोलायचं नाही, लिहायचं तर मुळीच नाही. ही दुसरी पार्टी कोण, हे मला आधी कळलंच नाही. मग जतीन म्हणाला, "अण्णा, शुक्राकाका. दुसरं कोण?"

नोटीस तुला मिळाली हे भिकीने सांगितलं. वाचून घेतल्यावर तू जेवला नाहीस हेही सांगितलं. त्यात लिहिलंय की तू माझ्या झाडाच्या फांद्या चोरून उधव्याला नेल्यास आणि परस्पर कलमं विकलीस. शुक्रा, हे मी कधी म्हटलेलं नाही. कागद इंग्रजीत होता, भागी बंद करायची आहे एवढंच मला सांगितलं. सही मात्र माझी आहे. आता माझी नाही म्हणता येत नाही. मी सातवी शिकलेला माणूस. सही मागितली की देऊन टाकतो. पुढे पुढे विचारत बसलं तर लोक हसतील असं वाटतं.

संगिता, तू वाचते आहेस म्हणून तुझ्यासाठी लिहितो, कारण हा धंदा सुरू झाला तेव्हा तू पाळण्यात होतीस. तुझा बाप रायणीची रोपं कुंड्यांत वाढवायचा आणि पाऊस गेला की टेम्पोत घालून इकडे आणायचा. माझ्या जुन्या चिकूच्या झाडांना आम्ही मांडव घालून त्या कुंड्या वर ठेवायचो. रोपाची साल थोडी तासायची, फांदीची थोडी तासायची, दोन्ही एकमेकांना लावून सुतळीने बांधायचं. तीन महिन्यांत जोड धरतो. मग फांदी झाडापासून कापली की कलम तयार. रोप त्याचं, फांदी माझी, पैसा निम्मा निम्मा.

तलासरीला भागीचा कागद केला तेव्हा लिहिणाऱ्याने विचारलं, मुदत किती वर्षांची? मी माझ्याकडून दहा म्हणणार होतो. तुझा बाप म्हणाला, "झाडाला कुंडी बांधलेली आहे तवर." तो माणूस हसला. म्हणाला, असं कुठे असतं का? तर हा म्हणतो, "मंग काय लिवता? झाडावर कुंडी आहे आन् भागी मोडली, तर ती कुंडी कोनाच्या बापाची?" शेवटी तसंच लिहिलं.

तेव्हापासून आम्ही झाडं कधी पूर्ण मोकळी केली नाहीत. सगळी कलमं उतरवली तरी एक कुंडी ठेवायची, ती पुढची खेप बांधेपर्यंत. तुझा बाप म्हणायचा, "ऱ्हाऊ दे अण्णा एक. तिला पानी घालायच्या निमित्ताने तुमी तरी वाडीत फिराल." मी आळशी आहे असं त्याचं पहिल्यापासूनचं मत.

जतीनच्या वकिलांना ही अट आता सापडली. शुक्रवारी तीन माणसं आली आणि त्यांनी सगळ्या कुंड्या उतरवल्या. जोड अजून कच्चे होते. मी म्हटलं, अरे, अजून पंधरा दिवस तरी थांबा. जतीन म्हणाला, "अण्णा, तुम्ही आत जा, उन्हात उभे राहू नका." तसा तो माझी काळजी घेतो. वेळेवर गोळ्या देतो. त्या दिवशीही माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली होती.

रोपं विहिरीजवळ ओळीने ठेवलीत. पाणी घालतो, पण माना टाकल्यात. शुक्रा, तुझा वर्षाचा माल गेला. लिहिताना लाज वाटते.

थोडं थांबून पुढे लिहितोय. हिरकणी चहा घेऊन आली होती. विचारते, कोणाला लिहिताय? म्हटलं, पेन्शनचा अर्ज. तिने कागदाकडे पाहिलं आणि जाताना दार ओढून घेतलं.

तुला वाटत असेल, वाडी अण्णाची आहे, त्याने एकदा नाही म्हटलं तर विषय संपला. ते तसं नाही. सातबारा जतीनच्या नावावर आहे. दोन वर्षं झाली. माझ्या छातीचं दुखणं झालं तेव्हा बक्षीसपत्र केलं. तुला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू असं करत राहिलं. मुंबईचा एक माणूस वाडी बघून गेला आहे. खोल्या बांधणार, पोहायचा हौद करणार. समुद्र समोर असताना हौद कशाला, हे मी त्याला विचारलं. तो हसला. विहिरीकडची जुनी झाडं पहिली जातील, कारण हौद तिथेच होणार आहे.

म्हणजे त्या झाडांवर आता माझा काही हक्क असेल तर तो फक्त तुझ्या भागीतला.

बुधवारी दवाखान्यात जातो सांगून डहाणूच्या कोर्टात गेलो. तिथे विधी सेवा समितीचं ऑफिस आहे. दक्षाबेन म्हणून एक वकीलबाई बसल्या होत्या, आपल्या इकडच्याच. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "म्हणजे काका, नोटीस तुम्हाला आलीय?"

मी म्हटलं, "नाही, मी पाठवलीय."

"मग तुम्ही तर सामेवाळी, समोरची पार्टी! मी तुम्हाला सल्ला कसा देणार?"

"माझ्यासाठी नको. ज्याला पाठवली त्याला द्या."

बाई डोक्याला हात लावून हसल्या. म्हणाल्या, "बावीस वर्षांच्या वकिलीत असा अशील नाही बघितला." मग म्हणाल्या, "त्यांना इथे पाठवा. आदिवासी आहेत, तर वकील सरकारी खर्चाने मिळेल. भागीचा कागद, नोटीस आणि जातीचा दाखला आणू दे. अट टिकेल की नाही हे मी आत्ता सांगणार नाही. पण वकील भेटल्याशिवाय त्यांनी कशावरही अंगठा करू नये, सहीही करू नये."

हे शेवटचं संगिता, दोनदा वाच. मंगळवारी, सतरा तारखेला, डहाणूच्या कोर्टात मध्यस्थीची बैठक आहे. आमचे वकील तुझ्या बापाच्या पुढे पैसे ठेवतील आणि गोड बोलतील. घेऊ नका. आधी दक्षाबेनना भेटा.

शुक्रा, आणखी एक आहे. काल दुपारी जतीन आणि सून मयुरा त्याच्या सासुरवाडीला बोर्डीला गेले होते. तेव्हा मी एक रोप बांधलं. विहिरीमागच्या झाडाला, खालच्या फांदीला, पानांच्या आड. तुझं एक रायणीचं रोप पाण्याच्या टाकीशी न बांधता राहिलं होतं, तेच घेतलं. साल नीट तासली गेली नाही, थोडं बोटही कापलं. गाठ सैल आहे हे मलाच दिसतंय. तू असतास तर सुतळी माझ्या हातातून काढून घेतली असतीस आणि दोन शिव्या दिल्या असत्यास. जोड धरेल की नाही देव जाणे. पण आज ता. ८ला झाडावर एक कुंडी आहे. हे बैठकीत सांग. बघायला या म्हणावं.

तू म्हणशील, अण्णा, हे तुम्हीच का नाही सांगत? शुक्रा, मी दोन रात्री हाच विचार करतोय. जतीन समोर बसला की माझं तोंड उघडत नाही. आता आम्ही त्याच्या जिवावर आहोत, हिरकणीचं ऑपरेशन त्यानेच करायचं आहे. मी भांडू शकणार नाही. माझ्याकडून ती आशा धरू नको.

पण मध्यस्थीला बसणारे मला एक प्रश्न नक्की विचारतील असं दक्षाबेन म्हणाल्या. शुक्राने फांद्या चोरल्या हे खरं आहे का? त्याला मी नाही म्हणेन. तेवढं एक मला जमेल. मोठ्याने म्हणेन, ओरडूनच म्हणेन, मला हळू बोलता येतच नाही. फक्त तू माझ्या शेजारी बसू नको. समोर बस, म्हणजे मला जतीनकडे न बघता तुझ्याकडे बघून बोलता येईल.

सकाळची तलासरीहून सुटणारी गाडी धर. आणि जेवून ये.

अजून तरी तुझा भागीदार,
अण्णा