शंभरपैकी एकसष्ट

तीर्थस्वरूप मामांना भाचीचा शिरसाष्टांग नमस्कार. (शिरसाष्टांग मनातल्या मनात. प्रत्यक्षात मी प्रयोगशाळेतल्या उंच स्टुलावर बसले आहे, त्याचा एक पाय आखूड आहे, आणि जरा वाकलं की समोरच्या काचेच्या नळ्यांत डोकं जातं.) तुमचा गुडघा कसा आहे? शेक घेता, की मामींनी विचारलं की नुसतं "घेतला" म्हणता? कचेरीच्या फाटकाबाहेर तुम्ही अर्ज लिहायला बसता ते बाक अजून तुमच्याच ताब्यात आहे ना? झेरॉक्सवाल्याने आपली पाटी तुमच्या छत्रीच्या दांड्याला बांधल्याचं तुम्ही कळवलं होतं. ती सोडायला लावा. आज पाटी बांधली, उद्या तो छत्रीखाली येऊन बसेल. इकडे आई-बाबा खुशाल आहेत. बाबांचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान नेहमीसारखं चाललं आहे, म्हणजे काटे पुष्कळ आणि माणसाला बसायला जागा नाही. मीही खुशाल आहे असं लिहिणार होते, पण कागदावर खोटं लिहायचं नाही असं मी ठरवलेलं आहे, आणि त्या ठरवण्यानेच माझा घात केला आहे.

मी इथे काय करते हे तुम्हाला आईने सांगितलं असेल. ("ती रक्त तपासते" असं सांगितलं असेल. रक्त नव्हे. पण असू दे, आईला समजावण्यात मी दोन रविवार घालवले आहेत.) मधुमेही माणसाच्या पायाला जखम झाली, तर ती भरणार की चिघळणार हे आधी कळत नाही, कळतं तेव्हा बोट कापायची वेळ आलेली असते. आमच्या मॅडम अशी एक कागदाची पट्टी तयार करत आहेत, की ती जखमेच्या पाण्याला लावली की रंगावरून आठवडाभर आधी अंदाज यावा. दर मंगळवारी एक निवृत्त कंडक्टर पाय दाखवायला येतात. बसायच्या आधीच विचारतात, "काय म्हणते पट्टी? पुढे सरका म्हणते की उतरा म्हणते?" मी हसते, पण मला ते हसण्यासारखं वाटत नाही. कारण पट्टी अजून बारांपैकी आठ वेळाच खरं बोलते, आणि ती बाराही वेळा खरं बोलेपर्यंत आमचं काम चालायला शासनाचं अनुदान हवं. नाही मिळालं तर वर्षअखेरीला प्रयोगशाळेचं दार बंद, आणि मॅडम, तंत्रज्ञ काका आणि मी असे तिघं तीन वाटांना.

त्यासाठी मॅडमनी माझ्या हातात 'जैववैद्यकीय संशोधनासाठी शासकीय अनुदानाच्या संधी' नावाची एकशे बारा पानांची पुस्तिका ठेवली आणि म्हणाल्या, "तुझं अक्षर चांगलं आहे, तूच बघ." मामा, मी ती तीनदा वाचली. पहिल्यांदा आनंद झाला, कारण संधी सत्तावीस होत्या. दुसऱ्यांदा वाचताना डोकं गरगरायला लागलं. एक संधी तिशीच्या आतल्या संशोधकांसाठी, अट वीस वर्षांच्या अनुभवाची. एक अगदी नव्या, आजवर कुणीही न केलेल्या कल्पनेसाठी, सोबत ती कल्पना इतरांनी यशस्वी केल्याचे पाच दाखले जोडा. एक अशांसाठी की ज्यांना आजवर कुठलंच अनुदान मिळालेलं नाही; त्यांनी मागच्या अनुदानाचं विनियोग प्रमाणपत्र लावायचं. मला वाटलं, मी घरातली पहिलीच पदवीधर, म्हणून मला हे समजत नसावं. पिढीजात शिकलेल्यांना हे रक्तातूनच येत असेल. मॅडमना विचारलं तर त्यांनी पुस्तिका उलटी-सुलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "त्यातल्या त्यात बरी दिसते ती भर." (त्यांच्या घरात तीन पिढ्या डॉक्टर आहेत.)

तेव्हा मी त्यातल्या त्यात बरी भरायला घेतली, आणि इथे तुमचा संबंध येतो. तुमच्या बाकावर बसून मी लहानपणी अर्ज लिहायला शिकले. तुमचा पहिला नियम मला पाठ आहे: अर्जात एकही जागा कोरी सोडायची नाही, कोऱ्या जागेत दुसरा कुणीतरी लिहून जातो. आणि बाबांचा नियम तुम्हाला माहीतच आहे: काटा आपल्या बाजूला झुकला, तर त्याला काटा म्हणत नाहीत. हे दोन्ही नियम वेगवेगळे चांगले आहेत. एकत्र केले की काय होतं, ते कृपया पुढे वाचा.

प्रस्तावाच्या शेवटी परिशिष्ट ड होतं, 'परीक्षकाने भरावयाचा तक्ता'. त्यात चार रकाने, प्रत्येकात गुण आणि शेरा, आणि खाली परीक्षकाची सही व पत्ता. मी बुचकळ्यात पडले. परिशिष्ट ब मध्ये स्वतःच्या तब्येतीचं प्रमाणपत्र स्वतःच द्यायचं होतं, क मध्ये स्वतःच्या चारित्र्याचं. तेव्हा ड मध्ये स्वतःची परीक्षा स्वतःच घ्यायची, हे त्या ओळीत बसत होतं. तरी खात्री असावी म्हणून मदतकेंद्राला फोन केला. तिथल्या माणसाने मी 'ड' म्हणेपर्यंतही थांबून ऐकलं नाही. "बाई, सगळी परिशिष्टं भरून पाठवा. एक जरी कोरं आलं तर प्रस्ताव बाद." आता सांगा, यात माझं काय चुकलं? (हा प्रश्न मी उगाच विचारलेला नाही. तुमच्या उत्तराची वाट बघते आहे.)

मी एक अख्खा दिवस त्या तक्त्यावर बसले. उपयोगाला तीसपैकी बावीस दिले, कारण कंडक्टर आजोबांचा पाय डोळ्यांसमोर होता. पद्धतीला तीसपैकी एकोणीस. जखमेचं पाणी सकाळी घेतलं की रंग वेगळा आणि दुपारी घेतलं की वेगळा येतो, हे मी कितीदा पाहिलं आहे, तसा शेरा लिहिला. नावीन्याला वीसपैकी बारा, कारण अशी पट्टी दुसऱ्या एका आजारासाठी आधीच निघालेली आहे, नवं आहे ते फक्त पाण्याचं गाळण. आणि सज्जतेला वीसपैकी आठ. शेरा: 'फ्रिजचं दार खुर्ची टेकवून बंद ठेवावं लागतं, कुणी खुर्ची बसायला घेतली तर नमुने वाया जातात.' बेरीज एकसष्ट. खाली सही केली, तुम्ही शिकवलेली, कुणालाही वाचता येऊ नये अशी, आणि पत्त्याची जागा कोरी राहू नये म्हणून घरचा पत्ता लिहिला. मॅडमनी पहिल्या पानावर सही केली, बाकीची पानं "तू पाहिलीस ना?" म्हणून चाळलीही नाहीत, आणि प्रस्ताव गेला.

दोन महिन्यांनी, गेल्या सोमवारी, उत्तर आलं. आपल्या प्रस्तावाची तज्ज्ञ परीक्षकाकडून तपासणी झाली असून त्यास शंभरपैकी एकसष्ट गुण मिळाले आहेत. किमान पात्रता पासष्ट असल्याने खेद वाटतो. सोबत परीक्षकाचे शेरे जोडले आहेत. शेरे माझेच, शब्द न् शब्द माझा, नुसते टाइप करून वर गोल शिक्का. मी ते पत्र हातात धरून उभी राहिले आणि मला क्षणभर खरंच वाटलं, की शासनाने माझ्या मताचा किती मान राखला! मग 'पासष्ट' हा आकडा पुन्हा वाचला.

पत्राची प्रत घरी नेली तर तिथे वेगळाच प्रकार. बाबांनी 'खेद' वगैरे वाचलंच नाही, एकदम आकड्यावर गेले. "साठाच्या वर म्हणजे पहिला वर्ग! शासनाने दिला!" आई म्हणाली, "आणि ते पण तज्ज्ञ परीक्षकाने, असातसा नाही." मी परोपरीने सांगितलं की यात नापास झालोय आपण. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू त्यांच्या काट्यावर मी पाय ठेवलाय. म्हणाले, "एकसष्टाला कोण नापास करतं गं? आमच्या वेळी पस्तिसाला पेढे वाटायचे." प्रत आता दुकानात सर्वांत मोठ्या काट्याच्या वर चिकटवलेली आहे. गिऱ्हाईक थांबून वाचतं, फ्रिजच्या खुर्चीपाशी आलं की विचारात पडतं.

प्रयोगशाळेत मात्र सुतकी कळा आहे. मॅडम अशा कधी रागावत नाहीत. त्यांनी ते शेरे टेबलावर आपटले आणि म्हणाल्या, "कोण हा गाढव? याने आयुष्यात कधी जखम बघितली आहे का?" मी म्हणाले, "बघितली असेल कदाचित." त्या म्हणाल्या, "तू भोळी आहेस, लोकांची बाजू घेत जाऊ नकोस." पण खरा घोटाळा पुढे आहे. मॅडमना प्रश्न पडला, की फ्रिजची खुर्ची परीक्षकाला कळली कशी? म्हणजे आतलं कुणीतरी बाहेर बोललं. आत आम्ही तिघंच. मी भोळी, हे आधीच ठरलेलं. उरले तंत्रज्ञ काका, ज्यांनी ती खुर्ची शोधून आणली, तिच्या पाठीवर स्वतःच्या हाताने 'बसू नये' असं रंगवलं. मॅडम गेले तीन दिवस त्यांच्याशी फक्त कामापुरतं बोलतात. काका काल मला हळूच म्हणाले, "पोरी, माझं काही चुकलं का गं? एकोणीस वर्षं आहे मी इथे." मी म्हणाले, "नाही काका," आणि आत जाऊन एकच नळी चार वेळा धुतली.

आणि आता मॅडमनी मला अपील लिहायला सांगितलं आहे. पंधरा दिवसांची मुदत आहे, त्यातले पाच गेले. मुद्दा एकच: परीक्षकाला विषयाचं प्राथमिक ज्ञानसुद्धा नाही. मामा, मी चार वेळा लिहायला बसले. पेन 'परीक्षक' या शब्दाशी अडतं. दिलेले गुण चुकीचे होते असं लिहावं, तर ते खोटं, मी प्रत्येक गुण तोलून दिला होता. परीक्षक नालायक होता असं लिहावं, तर बाबांनी माझी पदवी भिंतीवर लावली आहे, तिचं काय करायचं? आणि काहीच लिहिलं नाही, तर पट्टी गेली, प्रयोगशाळा गेली, काकांवरचा आळ मात्र राहिला. विहीर मागे की पुढे, हेही मला नीटसं कळेनासं झालं आहे.

बाकी सर्व ठीक. मामींना नमस्कार, छोट्यांना आशीर्वाद (माझ्याहून छोटं तिथे कुणी नाही, पण ओळ कोरी वाटत होती).

आपली गोंधळलेली भाची

ता. क. खरं काम सांगायचं राहिलंच. तुम्ही लोकांना माफीनामे लिहून देता. माझ्यासाठी एक लिहा, मॅडमच्या नावे. भाषा साधी असावी, पण तुमच्या माफीनाम्यात शेवटी जो परिच्छेद असतो, ज्यात वाचणाऱ्याला स्वतःचीच थोडी लाज वाटते, तो घालू नका. मॅडमचा दोष नाही.

दुसरा ता. क. पाकीट घरी नसल्यामुळे पत्र दोन आठवडे पडून राहिलं. तेवढ्यात मॅडमनी वाट न पाहता अपील स्वतःच लिहून पाठवलं, आणि कार्यालयाने ते अभिप्रायासाठी परीक्षकाकडे धाडलं. म्हणजे आपल्या घरी. 'सन्माननीय परीक्षक' असा पत्ता वाचून बाबांनी पाकीट दोन्ही हातांनी घेतलं. आत एक चिठ्ठी आहे: अपील योग्य वाटल्यास परीक्षक पाच गुणांपर्यंत वाढ करू शकतात. एकसष्ट आणि पाच, सहासष्ट! नुसती खूण करायची आहे. मी अपील तीनदा वाचलं. परीक्षकाला काहीही कळत नाही हे मॅडमनी इतकं सुरेख मांडलं आहे, की मला ते पूर्णपणे पटलं. पण परीक्षकाला काही कळत नाही हे खरं असेल, तर त्याला ते पटलं याला किंमत काय? मी पाकीट पुन्हा बंद केलं.

तिसरा ता. क. माफीनामा नको. आज सकाळी मी काकांच्या देखत मॅडमना सगळं सांगितलं आणि ते पाकीट त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी पाकिटावरचा आमच्या घरचा पत्ता दोनदा वाचला. मग काकांना म्हणाल्या, "मला माफ करा," आणि स्वतः उठून त्यांना चहा आणून दिला. पाकीट परत जाणार आहे, 'परीक्षक आमचाच निघाला' असं स्पष्ट लिहून. यंदाचं अनुदान त्याबरोबर गेलं असं समजा. पुढच्या फेरीला वेळ आहे, तोवर माझ्या नोकरीचं काय ते मला विचारू नका, मला माहीत नाही. नंतर मॅडम स्टूल ओढून माझ्याजवळ बसल्या. मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी विचारलं, "नावीन्याला बाराच का?" मी सांगायला लागले. गाळणाचं सांगितलं, सकाळ-दुपारच्या रंगाचं सांगितलं, जेवणाची सुट्टी होऊन गेली तरी सांगतच होते, आणि त्या लिहून घेत होत्या! शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "हे सगळं तू मला आधी का नाही सांगितलंस?" मामा, मी खूप विचार केला, पण खरं उत्तर एकच होतं, तेच दिलं. माझं मत काय, असं मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. पहिल्यांदा त्या तक्त्यानेच विचारलं.