कच्चं पीठ, थंड पाणी

१० नोव्हेंबर १९८६, सेलू

रोगाला नाव मिळालं एकदाचं. चार वर्षांची आमची लेक माणिक आणि तिच्यापायी चार डॉक्टर झाले. कुणी जंत म्हणालं, कुणी फीट. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं — यकृतात साखर साठते, पण बाहेर पडत नाही. कोठार भरलेलं, कुलूप उघडत नाही. चार-पाच तास पोटात काही गेलं नाही की रक्तातली साखर संपते. मग झटका. एखाद्या झटक्यात पोर जाईल, नाहीतर मेंदू जाईल. इतकं स्पष्ट बोलले. सुधा बाहेर जाऊन रडली.

उपाय विचित्र! कॉर्नफ्लॉवर — मक्याचं पांढरं पीठ — कच्चं, थंड पाण्यात ढवळून, दर चार तासांनी. कच्च्या पिठाचा दाणा घट्ट असतो, पोटात हळूहळू सुटतो, साखर पुरवून देतो. शिजवला की फुटतो. मग साखर भसकन येते नि भसकन संपते.

आई: "कच्चं पीठ लेकराले? पोट दुखन पोरीचं."

मी म्हटलं, तू यात बोलू नकोस.

१७ नोव्हेंबर

सात दिवस. एकही झटका नाही.

२४ नोव्हेंबर

अकरावीला आज पिष्टमय पदार्थ. रंगात आलो होतो. फळ्यावर माळा काढल्या. मणी एकच, ग्लुकोज. सरळ माळा एकमेकींना बिलगून बसल्या की कापूस — ताणा, पिळा, तुटत नाही, माणसाला पचत नाही. तेच मणी जरा वेगळे जोडले की माळ वळते — ती ज्वारी, पोटात सुटणारी. यकृतात तर माळेला फांद्याच फांद्या. टोकं जास्त, म्हणून नड आली की एकदम शंभर ठिकाणांहून मणी काढता येतात.

पंचफुला नावाची मुलगी उठली. "सर, मणी काढले, पन बाहेरच नाई आले तं?"

मी फळा पुसायला घेतला.

२ डिसेंबर

थंडी पडली. गार पाण्यानं माणिकला खोकला झालाय. सुधा पोस्टात, मी शाळेत — दोनचा डोस आईकडे असतो. तिच्या हाती माप द्यायला मन धजत नाही, म्हणून सकाळी मीच मोजून थर्मासात कालवून ठेवतो. आजपासून थर्मासात पाणी कढत घेतलं. पीठ चुलीवर ठेवत नाही, म्हणजे कच्चंच.

५ डिसेंबर

घरी आलो तर माणिक घामानं ओली, ओठ पांढरे. ग्लुकोज चाटवलं. सावरली. दोनला डोस दिला होता, आई शपथ घेते. मग का?

८ डिसेंबर

आज झटका. पाच मिनिटं. वाटी पाहिली — तळाला चिकट लापशी!

"पाजलं का चारलं?"

"चमच्यानं चारलं."

म्हणजे शिजवलं. जित्याची खोड! "म्या चुलीवर नाई ठेवलं रे बापू," इतकंच म्हणाली. मान खाली. मी नको ते बोललो. नात मारायची आहे का, असंही विचारलं. सुधानं माझा हात धरला. आईनं थर्मास धुऊन पालथा घातला आणि पिशवी भरायला घेतली.

९ डिसेंबर, सकाळ

आई पहिल्या एसटीनं गिरडला गेली, माझ्या थोरल्या भावाकडे, किसनदादाकडे. निघताना म्हणाली, "ऊन-ऊनच देत जाजो, थंडी हाय." सुधानं रजा टाकली. थर्मास भरून ठेवलाय. खोटं कशाला लिहू, बरं वाटतंय. आता घरात चोरून शिजवणारं कुणी नाही.

१० डिसेंबर, वर्धा

दवाखान्याच्या बाकावर लिहितोय. काल चारला झटका आला तो थांबेचना. शेजाऱ्यांच्या जीपनं आणलं. सलाईन लागलंय. माणिक शुद्धीवर नाही.

सुधा पहाटे सहज म्हणाली, "ते पाजायचं असते ना? थर्मासातून निघतच नव्हतं. चमच्यानं खरवडलं. पार खळ झालती त्याची."

खळ. शाळेत तक्ते चिकटवायला मीच करतो. पिठावर कढत पाणी ओततो नि ढवळतो. चूल कुठे लागते? फळ्यावर माळा काढणारा मी. रोज सकाळी दाणा मीच फोडत होतो, आणि घालवून दिलं आईला.

सुधाला सांगितलं. ती उठून पलीकडच्या बाकावर बसली.

१२ डिसेंबर

निरोप मिळताच आई आली. तिच्यापुढे सगळं कबूल केलं. वाटलं होतं, रडेल, नाहीतर शिव्या देईल. ती माणिकचे पाय चोळत राहिली. मग हळूच म्हणाली, "मले मालूम होतं रे. गरम पानी पडलं का पीठ शिजतेच. मले तं बरंच वाटलं, पोरीच्या पोटात कच्चं नाई जाऊन राह्यलं म्हनून. तुले सांगतलं असतं तं तू पुन्हा कच्चं पाजलं असतं. म्हनून तू बोलला तरी गप राह्यली."

माणिकनं अजून डोळे उघडलेले नाहीत.