पुस्तिकेतली सतरावी बाई

बिश्केक, १२ जून

प्रिय ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

मी नऊ वर्षांची असताना आई एकदा म्हणाली होती, की या पोरीला पाहुण्यांत बसवू नका, ही खरं बोलते. काकूंच्या रश्श्यात मीठच नाही, असं मी सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं. तूच मला हाताला धरून तंबूबाहेर नेलंस आणि बाहेर गेल्यावर पोट धरून हसलीस. आज आईचं तेच वाक्य आठवून पत्राला बसले आहे, तेव्हा जरा सांभाळून वाच.

काल गाडीवाल्या एसेनबेकने तुझं घोडीच्या दुधाचं आंबट कुमिस आणून दिलं. वाटेत फसफसून अर्धं त्याच्या सीटवर सांडलं, उरलेलं फार छान आहे. पण पिशवीच्या तळाशी रक्तदाबाच्या गोळ्यांची तीन पाकिटं निघाली. मे महिन्यात मीच आमच्या औषधांच्या दुकानातून पाठवलेली. एकाचंही तोंड फोडलेलं नाही. वर तुझी चिठ्ठी, की आता गरज उरली नाही, तिकडे कुणाला लागल्या तर दे. ताई, या काय मुलांना आखूड झालेल्या चपला आहेत?

सोबत झूरा विहीणबाईंनी काढलेली पुस्तिकाही धाडलीस, मी शहाणी व्हावी म्हणून. एकतीस जणांनी 'आक-तामिर' मुळीच्या कॅप्सूल घेतल्या, एकोणतीस जणांना गुण आला, असं त्यात लिहिलंय. विचारलं कुठे, तर मार्चमध्ये नौरूझच्या सणाच्या जेवणात, विहीणबाईंच्याच घरी, त्यांच्याच हातचं खाताना! आधी रक्तदाब किती होता ते कुणी मोजलं नाही. कॅप्सूल न घेणाऱ्यांचं काय झालं, ते कुणी पाहिलं नाही. अशा घोळक्याला मी चहाच्या उकळलेल्या काड्या दिल्या असत्या तरी एकोणतीस जण बरे झाले असते.

गोळ्या बंद केल्यापासून डोकं दुखतं का, ते खरं खरं कळव. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी बुरुल


सोन-कुलचं कुरण, २० जून

चि. बुरुल हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून वाटलं, शाळेतल्या बाईंनी लाल शाई घेऊनच लिहायला घेतलंय. आम्ही सगळे बरे आहोत. दोन घोड्या व्याल्या, आणि तुझ्या मेहुण्यांनी तिसऱ्यांदा तंबूची कड चुकीच्या बाजूला बांधली. डोकं दुखतं कधीकधी, पण ते वाऱ्याने. इथला वारा तुला ठाऊक आहे.

आता विहीणबाईंचं. माझी पेरीझात त्यांच्या घरात सून आहे, आठवा महिना चालू आहे. त्या हिवाळ्यात स्वतः आमच्या घरी आल्या, माझ्या हातात डबी ठेवली, गोळ्या आणि कॅप्सूल एकत्र पोटाला जड जातात म्हणाल्या. मी काय डबी परत करायची? त्यांनी घरी जाऊन सुनेला काय ऐकवलं असतं, हे तुला शहरात बसून सुचणार नाही.

आणि एवढी चुका काढत पुस्तिका वाचलीस, तर नीट वाच ना. सोळाव्या क्रमांकावर मी आहे, फेब्रुवारीपासून घेत होते, दाब खूप उतरला. तेव्हा गोळ्याही चालू होत्या, हे खरं. पण सतराव्या क्रमांकावर कोण आहे, बघ. 'बुरुल, औषधविक्रेती, बिश्केक. झोप सुधारली.' नौरूझला माझ्या शेजारीच बसून तू बोललीस ते. मी मनात म्हटलं, दिवसभर औषधांच्या दुकानात उभी राहणारी माझी बहीण म्हणतेय, तर खरंच असणार. त्याच आठवड्यात मी गोळ्या थांबवल्या. विहीणबाईंच्या शब्दावर नाही गं. तुझ्या.

जपून राहा, आणि फार ताडताड बोलू नकोस.
ताई अनारकान


बिश्केक, २७ जून

प्रिय ताईस,
सलाम. वि. वि.

पुस्तिका काढून पाहिली. आहे मी सतरावी. एकीकडे विहीणबाईंचा राग, एकीकडे माझा, आणि माझ्यावरचा जास्त.

त्या दिवशी त्यांनी माझ्या पुढ्यात मटणाचं मानाचं हाड ठेवलं, वडीलधाऱ्यांना द्यायचं, माझ्या वयाला न शोभणारं. एवढं मोठं हाड हातात आणि पाहुण्यांच्या नजरा तोंडावर. मग त्यांनी विचारलं, काय बुरुल, गुण आला ना? दाराशी पेरीझात किटली घेऊन उभी होती, माझ्याकडे बघत. मी म्हटलं, हो, झोप चांगली लागते. ताई, ती डबी माझ्या कपाटात अजून सीलबंद आहे. मी एक कॅप्सूलही घेतलेली नाही. आईला हे कळतं, तर तिने मला निर्धास्तपणे पाहुण्यांत बसवलं असतं.

तुझा दाब उतरला तो गोळ्यांनी. कॅप्सूल त्यांच्या सोबतीला नुसती बसून होती. तीन पाकिटं याच एसेनबेकबरोबर परत पाठवते. सकाळी एक, रोज. माझ्या एका खोट्या शब्दाने तू थांबवलीस, तर माझ्या खऱ्या शब्दावर चालू कर.

रागाने का होईना, पण उत्तर लिही.
तुझी बुरुल


सोन-कुल, ९ जुलै

चि. बुरुल हिस,
आशीर्वाद. वि. वि.

दोन दिवस तुझ्यावर चिडून होते. तिसऱ्या दिवशी घोडीचं दूध काढताना डाव्या हाताला मुंग्या आल्या आणि बादली सुटली. तुझे मेहुणे पांढरेफटक झाले. खालच्या गावातून दवाखान्याची बाई आली, तिने दाब मोजला, पुन्हा मोजला, आणि मला अशी बोलली की तू तिच्यापुढे मवाळ वाटावीस. हात आता ठीक आहे. आकडा तुला सांगत नाही. गोळ्या त्याच दिवशी चालू केल्या.

पण आता माझं ऐक. ऑगस्टअखेर बाळाच्या पाळण्याचा समारंभ आहे. मी दहा दिवस विहीणबाईंच्या घरी राहणार. तिथे गोळ्या नेणार नाही, त्यांच्या नजरेस पडल्या तर अपमान होईल. दहा दिवसांनी काय बिघडतंय? कुणी विचारलं, तर कॅप्सूलने बरं वाटतं असंच सांगेन. तूही गप्प राहा. पेरीझातचा संसार आहे.

माया आहे तशीच आहे, कळलं ना.
ताई


बिश्केक, १६ जुलै

प्रिय ताईस,
सलाम. वि. वि.

तुझी बादली सुटली, ते वाक्य मी तीनदा वाचलं. आणि तू दहा दिवस हिशेबातून वगळतेस! म्हणजे गोळ्यांनी बरी झालेली तू पाळण्याजवळ बसून कॅप्सूलचे गोडवे गाणार, विहीणबाई लिहून घेणार, आणि पुढच्या पुस्तिकेत पुन्हा तूच सोळावी. ते वाचून आणखी कुणाची तरी ताई गोळ्यांची पाकिटं परत पाठवील. मला डोकं आपटावंसं वाटतं.

पेरीझातला मी फोन केला. ती म्हणाली, मावशी, मला सासूची बोलणी सोसतील, पण आईचा हात वाकडा झालेला नाही बघवणार. तुझी मुलगी तुझ्याहून धीट आहे.

विहीणबाईंना मी लबाड म्हणणार नाही. त्यांना सगळे हो म्हणाले, त्यांनी हो लिहिलं. आपण हो म्हणालो, हा आपला गुन्हा. तो मला जिथे केला तिथेच फेडायचा आहे. पाळण्याच्या जेवणात भाकरी मोडण्याआधी मी उठेन, सतरावी बाई खोटं बोलली एवढंच सांगेन, आणि तुझ्या गोळ्यांचं पाकीट चहाच्या वाटीशेजारी सगळ्यांदेखत ठेवीन. मग तुला ते लपवायला नको.

यजमानीण त्या असल्या, तरी आपल्या बाजूचं कोण कुठे बसेल, ते तू ठरवतेस. आजवर तू मला हाताला धरून बाहेरच नेलं आहेस. तू नाही म्हणणार, हे मला ठाऊक आहे, उत्तरातलं पहिलं वाक्यसुद्धा डोळ्यांपुढे दिसतंय. तरी मागते. ताई, या खेपेला मला पाहुण्यांत बसव.

तुझी बुरुल